शीट तिरकं जातं, चुण्या परत परत येतात: लॅमिनेशन मशीनचं फीडिंग टेबल तपासा

रोलर पुसला की दोन-तीन दिवस काम झकास चालतं. मग एखाद्या शीटवर डावीकडून तिरकी चुणी येते, दुपारपर्यंत दहातलं एक शीट वाया जायला लागतं आणि संध्याकाळी मशीन थांबवून पुन्हा रोलर पुसायला घ्यावा लागतो. हीट कमी-जास्त करून झाली, फिल्मचं टेन्शन, म्हणजे ताण, सैल करून झालं, आवळून झालं, दुसरा रोल लावून झाला, तरी चार दिवसांनी तेच. ज्यांच्याकडे असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडे हे जवळपास सहा महिने चाललं. दोष हीटचा नव्हता, फिल्मचा नव्हता, रोलरचाही नव्हता. शीट ज्यावर ठेवून आत सरकवतो ते फीडिंग टेबल एका बाजूने दोन मिलिमीटर मागे बसत होतं.

आमचं दुकान पुण्यात नारायण पेठेत आहे. मशीन डिजिटल प्रिंटच्या दुकानांत सर्रास दिसतं तसंच, १४ इंची, एकाच बाजूने थर्मल फिल्म (गमाचा थर असलेली, उष्णतेने चिकटणारी प्लॅस्टिक फिल्म) लावणारं, हाताने शीट घालायचं. वर गरम रोलर, खाली रबरी प्रेशर रोलर, पुढे पत्र्याचं टेबल आणि टेबलावर डाव्या हाताला गाईडपट्टी. काम बहुतेक १३ × १९ इंची शीटचं, म्हणजे ३३० × ४८३ मिमी: लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, सप्टेंबरपासून दिवाळी अंकांची मुखपृष्ठं. फिल्म ३२० मिमी रुंदीची लावतो. शीटपेक्षा १० मिमी कमी, म्हणजे दोन्ही कडांना पाच-पाच मिमी कागद फिल्मविना राहतो. हे पाच मिमी लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

दोन्ही बाजूंनी फिल्म लावणाऱ्या मशीनवर, म्हणजे शाळेचे तक्ते, ओळखपत्रं, हॉटेलची मेन्यूकार्डं जिथे होतात तिथे, फिल्म कागदापेक्षा मोठीच असते आणि वरची-खालची फिल्म कडेला एकमेकींना चिकटते. तिथे गम रोलरवर जायची भीती कमी. पण टेबल वाकडं असलं की शीट तिरकं जाणं आणि चुणी पडणं तिथेही तसंच होतं. त्यामुळे तपासणी दोघांनाही लागू आहे.

हाताला कळलं होतं

मेकॅनिक दोनदा येऊन गेले. पहिल्या वेळी त्यांनी प्रेशर दोन्हीकडे सारखं करून दिलं, दुसऱ्या वेळी खालचा रोलर झिजलाय, बदलावा लागेल असं सांगितलं. रोलरवर उजव्या टोकाला गमाचा थर साचत होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष उजवीकडेच. चुणी मात्र डावीकडून यायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

आमच्याकडे शीट घालायला ज्या मावशी आहेत त्या बारा वर्षं हेच काम करतात. त्या एका सकाळी म्हणाल्या, "ताई, आज शीट हाताला लागतंय."

"म्हणजे काय होतंय, मावशी?"

"रोज सोडलं की सुटतं. आज पट्टीला घासत जातंय."

मी ते ऐकलं आणि कामाच्या घाईत सोडून दिलं. आज वाटतं, त्याच दिवशी मशीन बंद करून बघायला हवं होतं. शेकडो आर्ट कार्डं वाचली असती.

पुढे मी वहीत तारखा लिहायला लागले: रोल कधी बदलला, रोलर कधी पुसला, चुणी पहिल्यांदा कधी दिसली. महिनाभरात चित्र स्पष्ट झालं. २०० मीटरचा रोल, शीटं पाच मिमी एकमेकांवर चढवून घातली तर, साधारण ४१५ शीटांना पुरतो. सीझनमध्ये जवळजवळ रोज एक रोल जातो. रोल बदलताना फिल्म ओवायची म्हणून टेबल काढावं लागतं आणि परत बसवावं लागतं. वहीतला प्रत्येक वाईट दिवस रोल बदलल्यानंतरचा होता. प्रत्येक रोल बदलल्यावर त्रास झाला असं मात्र नव्हतं. म्हणजे टेबल कधी नीट बसत होतं, कधी नाही.

टेबल काढून उलटं केलं तेव्हा दिसलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना खाली हुक असतात, ते बॉडीवरच्या पिनांवर अडकतात. उजवा हुक किंचित फाकला होता. सावकाश, दाबून बसवलं तर पिनेवर पूर्ण जायचा. घाईत नुसतं ठेवलं तर अर्ध्यावर अडकायचा आणि टेबलाचं उजवं टोक रोलरपासून दोन मिमी मागे राहायचं. वरून बघताना काहीच कळायचं नाही.

दोन मिलिमीटरने काय होतं

एवढ्याशा फरकाने इतकं नुकसान कसं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं.

रोलरच्या पकडीत शीट गेलं की ते रोलरला काटकोनातच पुढे जातं. टेबल कसंही असो, गाईडपट्टी कशीही असो, एकदा पकड बसली की दिशा रोलर ठरवतो. शीट आत जाताना कोणत्या कोनात असेल एवढंच टेबल आणि पट्टी ठरवतात. दोन हुकांमधलं अंतर ४०० मिमी असेल आणि उजवं टोक दोन मिमी मागे असेल, तर शीट ४८३ मिमी लांबीत जवळपास अडीच मिमी तिरकं होतं. पुढचं टोक जागेवर, मागचं टोक अडीच मिमी डावीकडे.

आता दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. गाईडपट्टी टेबलावरच बसवलेली असल्याने तीही तेवढीच वळलेली असते. तिचं रोलरकडचं टोक उजवीकडे, म्हणजे शीटच्या अंगावर येतं. शीट सरळ पुढे जाऊ बघतं आणि पट्टी त्याला डावीकडून रेटत राहते. मावशींच्या हाताला लागत होतं ते हेच. दुसरीकडे शीटचं मागचं टोक डावीकडे सरकल्यामुळे उजव्या कडेला पाच मिमीऐवजी अडीच मिमीच कागद उरतो. फिल्मचा रोल शाफ्टवर तीन मिमी उजवीकडे सरकलेला असला, आणि तो तेवढा सरकतोच, तर तिथे फिल्म कागदाच्या बाहेर जाते. बाहेर गेलेल्या फिल्मचा गरम गम थेट खालच्या रोलरवर लागतो. प्रत्येक शीटमागे आठ-दहा सेंटीमीटरची बारीक रेघ. पन्नास शीटांत काही जाणवत नाही. पाचशे शीटांत थर बसतो.

म्हणून चुणी डावीकडे आणि गम उजवीकडे. दोन्हींचं मूळ एकच.

रोलर पुसल्यावर दोन दिवस चांगले का जायचे, तेही यातूनच कळतं. स्वच्छ रबरावर शीट किंचित सरकून पट्टीचा रेटा पचवतं. गमाने चिकट झालेल्या रोलरवर ते सरकत नाही. एकीकडून पट्टी ढकलते, दुसरीकडे गम धरून ठेवतो, मधल्या कागदाला जागा उरत नाही आणि चुणी पडते. आम्ही सहा महिने परिणाम पुसत होतो.

चुणी कुठून निघते ते आधी बघा

सगळ्या चुण्या टेबलाच्या नसतात. टेबलाला हात लावण्याआधी वाया गेलेली पाच-सहा शीटं उजेडात शेजारी शेजारी मांडा.

चुणी नेहमी गाईडपट्टीच्या बाजूनेच सुरू होऊन तिरकी मध्याकडे येत असेल तर टेबल किंवा पट्टी. शीटच्या लांबीला समांतर, साधारण मधोमध उभी चुणी असेल तर फिल्मकडे बघा. रोलरवर येण्याआधीच फिल्ममध्ये घडी दिसते का? दिसत असेल तर टेन्शन, किंवा फिल्म ओवताना एखाद्या दांड्यावर ती तिरकी गेली आहे. ठरावीक अंतराने तोच डाग, तोच खड्डा येत असेल तर मोजपट्टी लावा. ६० मिमी व्यासाच्या रोलरचा घेर सुमारे १८८ मिमी भरतो. तुमच्या रोलरच्या घेराइतकंच अंतर निघालं तर रोलरवर काहीतरी चिकटलंय किंवा चिरलंय.

पावसाळ्यातली चुणी वेगळी ओळखता येते. जुलै-ऑगस्टात कागदाचं पुडकं उघडं राहिलं की कडा हवेतलं पाणी पितात, मध्यभागापेक्षा लांब होतात आणि कडेला लाटा येतात. असं शीट पुढून छान जातं आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांशी चुण्या पडतात, कारण लाटांमधला जादा कागद रोलर मागे मागे लोटत नेतो. त्यावर टेबलाचा इलाज नाही. पुडकं मशीनच्याच खोलीत निदान एक दिवस गुंडाळलेलं ठेवा आणि लागेल तेवढंच उघडा.

आणखी एक चाचणी फार कामाची आहे. त्याच गठ्ठ्यातली तीन शीटं नेहमीसारखी घाला आणि तीन शीटं १८० अंशांत फिरवून, म्हणजे मागची कड पुढे करून. चुणी मशीनच्या त्याच बाजूला राहिली तर दोष मशीनचा. चुणी शीटबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष कागदाचा किंवा कटिंगचा.

कटिंगचं लोकांना पटत नाही, पण कटिंग मशीनवर कापलेलं शीटही काटकोनात नसू शकतं. दोन शीटं घ्या, एक पालथं करा, पुढची कड आणि तिचा डावा कोपरा जुळवा. डाव्या कडेला पाचरीसारखी फट दिसली तर कटिंग वाकडं आहे. दिसते त्याच्या निम्मी खरी चूक. अशा शीटला टेबल कितीही सरळ केलं तरी उपयोग नाही.

टेबलाचा दोष ओळखायची सगळ्यात सोपी खूण मात्र मशीनच्या मागे दिसते. शीटं एकावर एक चढवून घातली की मागून सलग पट्टा निघतो. त्या पट्ट्याच्या कडेकडे लांबून बघा. कड सरळ रेघेत असली तर शीटं सरळ जात आहेत. दर शीटला एक पायरी, करवतीच्या दातांसारखी कड दिसली तर प्रत्येक शीट त्याच कोनात तिरकं जात आहे. हाताची चूक असती तर कधी डावीकडे, कधी उजवीकडे गेलं असतं. सगळे दात एकाच दिशेचे असतील तर टेबल किंवा पट्टी, दुसरं काही नाही.

टेबल सरळ कसं करायचं

मशीन बंद, प्लग काढलेला, रोलर पूर्ण गार. हे सगळं थंड मशीनवरच करायचं आहे. बोटं रोलरच्या पकडीजवळ जाणार आहेत.

टेबल काढा. दोन्ही हुक, दोन्ही पिना, खाचा बघा. वाळलेला गम, फिल्मचे तुकडे, कागदाचा भुसा खाचेत अडकलेला असतो आणि तेवढ्यानेही टेबल उचललं जातं. आमचा हुक फाकला होता तो पक्कडीने सरळ केला, पण तो परत फाकेल हे दिसत होतं, म्हणून पुढच्या आठवड्यात शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पत्र्याचा नवा करून घेतला. पिन झिजून ढिली झाली असेल तर पिनच बदला. पुठ्ठ्याची घडी किंवा टेपचे थर घालून तात्पुरतं जमवतात, ते पहिल्याच गरम दिवशी दबतं आणि पुन्हा त्याच जागी येतो आपण.

टेबल बसवल्यावर ते सरळ आहे हे कशाशी ताडून बघायचं? इथे बहुतेकांची चूक होते. टेबलाच्या कडेला किंवा मशीनच्या बॉडीला गुण्या लावून उपयोग नाही. बॉडीचा पत्रा सरळच असेल असं नाही. ताळा रोलरशीच घ्यायचा. ३०० जीएसएमचं (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) एक कार्ड घ्या, पालथं करून त्याचा काटकोन खात्रीचा करून घ्या. ते टेबलावर ठेवून दोन रोलर जिथे एकमेकांना टेकतात त्या रेघेपर्यंत न्या. पुढची कड डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत रोलरला सारखी टेकली पाहिजे. ती टेकलेली असताना कार्डाची डावी कड गाईडपट्टीला पूर्ण लांबीत लागते का बघा. पुढे लागली आणि मागे फट, किंवा मागे लागली आणि पुढे फट, तर पट्टीचे दोन्ही स्क्रू सैल करा, पट्टी कार्डाला लावा आणि स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून आवळा. एकच स्क्रू एकदम आवळला की पट्टी वळते, हा माझा अनुभव आहे.

पट्टी लावण्याआधी टेबलच सरळ बसलंय ना हे बघायला विसरू नका. टेबल वाकडं असताना पट्टी सरळ केली तर आज काम होईल आणि उद्या रोल बदलून टेबल नीट बसलं की पट्टी वाकडी होईल. आमच्याकडे मेकॅनिकच्या पहिल्या भेटीनंतर बहुधा हेच झालं असावं.

मग चालवून बघा. हीट बंद, रोलर गार, फिल्म ओवलेली असली तरी चालेल, गार फिल्म चिकटत नाही. सगळ्यात कमी स्पीड ठेवा. शीट पट्टीला लावून आत द्या, पकड बसली की हात सोडा आणि पट्टी व शीट यांच्यामधल्या रेघेकडे बघत राहा. शीट जाईपर्यंत पट्टीला नुसतं लागून राहिलं, घासलंही नाही आणि सुटलंही नाही, तर झालं. फट रुंदावत गेली तर पट्टीचं रोलरकडचं टोक बाहेर वळलंय. घासलं किंवा शीटची कड वर उचलली गेली तर ते टोक आत वळलंय. पाच शीटं अशी घाला. मागून निघालेल्या पट्ट्याला दात नसले पाहिजेत.

हीट लावून काम सुरू करण्याआधी खालचा रोलर स्वच्छ करा, नाहीतर जुना गम नव्या शीटवरही चुण्या पाडेल. गम कोमट असताना सुटतो, म्हणून थोडी हीट देऊन मशीन बंद करा. रोलर अंगाला सोसेल एवढा गार झाला की सुती कापडाने चोळून गमाच्या वळकट्या करून काढा. ब्लेड, कटर, स्क्रू ड्रायव्हर कधीही नाही. रबराला एक चीर पडली की ती प्रत्येक शीटवर उमटते आणि तेव्हा खरोखरच रोलर बदलावा लागतो. पेट्रोल, थिनर गरम मशीनजवळ आणूही नका.

टेबल जागेवर आहे, तरी शीट अडखळतं

टेबलाची उंची बघा. टेबलाची पुढची कड रोलरच्या पकडीच्या रेघेत हवी. ती खाली गेली की शीटची कड खालच्या रोलरवर आपटते. जाड कार्ड तरी जातं, १३० जीएसएमचा आर्ट पेपर दुमडतो. कड वर राहिली की शीट फिल्मला आधीच टेकतं, आणि पकडीच्या आधी टेकलं की बुडबुडा आत राहतो. टेबलाखालचे उंचीचे स्क्रू असतील तर दोन्हीकडचे सारखेच फिरवा.

टेबलाचा पृष्ठभाग रोज पुसा. गमाचा एक थेंब टेबलावर असला तरी शीटचा एक कोपरा तिथे अडतो आणि शीट फिरतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या कोरड्या हवेत ग्लॉस कोटिंगचा कागद टेबलाला चिकटून बसतो, तेव्हा गठ्ठा आधी हवा देऊन सुटा करून घ्या आणि टेबल किंचित ओलसर कापडाने पुसून कोरडं करा.

हाताबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवीन मुलं इथे चुकतात. शीट दोन्ही हातांनी, मध्यापासून सारख्या अंतरावर धरायचं. पट्टीला हलकेच लावायचं, दाबायचं नाही. दाबलं तर कागद वाकतो आणि सोडल्यावर उलटा सरकतो. पकड बसली की हात लगेच सुटले पाहिजेत. शीट आत गेल्यावर ते सरळ करायला मागून ओढलं तर चुणी पक्की. तिरकं गेलंच तर एक शीट जाऊ द्या, पुढचं नीट घाला. आणि शीट आत असताना मशीन थांबवू नका, गरम रोलरखाली थांबलेल्या जागी आडवी रेघ उमटते ती जात नाही.

मावशींनी आमच्याकडच्या नवीन मुलाला एकच गोष्ट शिकवली: "शीट देऊन टाकायचं, धरून नाही ठेवायचं." पंधरा दिवसांत त्याचा हात बसला.

लांब पोस्टर किंवा तक्ता असेल तर मागचा भाग टेबलाखाली लोंबता कामा नये. लोंबणारा कागद ज्या बाजूने जड असेल त्या बाजूला ओढतो. ३३० मिमी रुंदीला एक मिमीची चूक १ मीटर लांबीत ३ मिमी होते. टेबलाच्याच उंचीचा स्टूल मागे ठेवा, त्यावर गुळगुळीत पुठ्ठा घाला. लांब शीटला गाईडपट्टीपेक्षा पुढची कड रोलरला दोन्ही टोकांनी टेकवून घालणं जास्त भरवशाचं.

टेबलाशी संबंध नसलेल्या तक्रारी इथे फार लांबवत नाही. चंदेरी ठिपके दिसत असतील तर हीट, प्रेशर किंवा छपाईतली पावडर. डिजिटल प्रिंटवरून फिल्म सुटत असेल तर टोनरसाठीची जास्त चिकट फिल्म लागते. शीट फिल्मच्या बाजूला गुंडाळत असेल तर बहुतेक वेळा फिल्मचं टेन्शन जास्त आहे.

टेबल बसवलं आणि मशीन फिरतच नाही

डिस्प्ले लागतो, हीट चढते, पण स्टार्ट दाबलं तरी रोलर हलत नाहीत. रोल बदलल्यानंतर हे झालं तर घाबरू नका. पुष्कळ मशीनमध्ये टेबलाखाली किंवा वरच्या कव्हरखाली छोटा सेफ्टी स्विच असतो. टेबल पूर्ण बसलं, कव्हर खाली आलं तरच तो दाबला जातो. रोलर फिरत नाहीत याचा अर्थ टेबल नीट बसलेलं नाही. आमच्या मशीनमध्ये हा स्विच डाव्या बाजूला आहे, म्हणून उजवा हुक अर्धा अडकला तरी मशीन चालू राहायचं आणि आम्हाला पत्ता लागायचा नाही.

या स्विचवर टेप लावून तो कायमचा दाबून ठेवलेला मी दोन दुकानांत पाहिला आहे. कृपा करून असं करू नका. रोलर १०० अंशांच्या आसपास गरम असतात आणि एकमेकांकडे आत फिरतात. बोट गेलं तर भाजतंही आणि ओढलंही जातं. एका ओळखीच्या दुकानात मुलाची दोन बोटं अशीच गेली, उलटं फिरवायचं बटण कुठे आहे हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या मशीनवर इमर्जन्सी आणि रिव्हर्सचं बटण कुठे आहे ते दुकानातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, झाडू मारायला येणाऱ्या ताईंनासुद्धा. ओढणी, पदर, लांब बाही, गळ्यातलं ओळखपत्र बांधून घ्या. बांगड्या मागे सारा.

आमच्याकडे आता टेबलाच्या दोन्ही टोकांना आणि समोरच्या बॉडीवर मार्करने एकेक बारीक रेघ मारलेली आहे. टेबल पूर्ण बसलं की दोन्हीकडच्या रेघा जुळतात. रोल बदलला की मावशी आधी दोन्ही टोकं तळहाताने दाबतात, रेघा बघतात, मग कोरी पाच शीटं घालतात आणि मागे जाऊन पट्ट्याची कड बघून येतात. ती सरळ असली की मगच गिऱ्हाइकाचा गठ्ठा टेबलावर येतो.